मासे मेले ते सगळ्यांनी बघितलं, लिहून कुणी ठेवलं?



आजचा धडा जाळ्याचा नाही, बीजाचाही नाही. आज बोलायचंय ते बोलण्याबद्दलच. नदीचं पाणी खराब झालं, मासा मेला, तर ते कुणाला, कधी आणि कसं सांगायचं? पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा, घरातल्या शिकलेल्या पोराला मोठ्याने वाचायला लावा, आणि शेवटी दिलेला अर्जाचा नमुना जपून ठेवा.

आधी आपल्याच फजितीची गोष्ट. एका उन्हाळ्यात सीमेजवळच्या एका बंधाऱ्यावर पहाटे आपल्या एका सभासदाचा फोन आला, "अण्णा, मासं वर आल्यात बघा, लवकर या." आम्ही पोचलो तेव्हा सात वाजले होते. पाणी चहासारखं झालेलं, वर फेस, आणि कटला, रोहू, मृगळ असा सगळा मोठा मासा आ करत काठाला लागलेला. लोक टोपल्या, बारदानं घेऊन पाण्यात उतरलेले. आम्हीही फोटो काढले, व्हिडिओ काढले, ग्रुपवर टाकले. दुपारपर्यंत फोन वाजून वाजून गरम झाला. "फार वाईट झालं", "कारवाई झाली पाहिजे", हात जोडलेल्या चित्रांची तर रांगच लागली.

लेखी तक्रार मात्र त्या दिवशी कुणीच केली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केली असेल. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून माणूस आला. तोवर वरून पाणी सुटलेलं, केंदाळ पुढे सरकलेलं, मेलेला मासा कुत्र्यांनी आणि घारींनी संपवलेला. त्याने बाटली भरली, सही घेतली आणि गेला. पुढे कळलं, पाणी ठीक होतं म्हणे. ठीक असणारच की! तिसऱ्या दिवशीचं पाणी होतं ते. पहिल्या दिवशीचं पाणी एव्हाना पार खाली निघून गेलं होतं.

त्या दिवशी आपल्याकडे फोटो शंभर होते. तारीख, वेळ, जागा, सही असलेला कागद एकही नव्हता. ही चूक आपली आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आता आपल्या नद्यांचं बघू. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून कोल्हापूर, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात, आपल्या चिकोडी-अथणीच्या अंगाला येते. दूधगंगा आणि वेदगंगा निपाणी-सदलगा भागातून येऊन कृष्णेलाच मिळतात. हिरण्यकेशी आंबोलीत उगवते आणि आजरा, गडहिंग्लज करून संकेश्वरला येते. म्हणजे आपल्या वाट्याचं बहुतेक पाणी दुसऱ्या राज्यात वापरून झालेलं असतं. नदीला हद्द कळत नाही. तक्रारीच्या कागदाला मात्र ती पहिल्यांदा कळते. इकडचा साहेब म्हणतो, घाण तिकडून येते, तिकडे जा. तिकडचा म्हणतो, मासे तुमच्या हद्दीत मेले, तिकडे विचारा. पोळी भाजणारे दोघे, आणि तव्यावर आपण.

किती पाणी आलं, याची नोंद दोन्ही राज्यं ठेवतात. पावसाळ्यात कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे बंधारे पाण्याखाली गेले की लगेच बातमी येते. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र कोरडं पडलं की कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकातून मागणी जाते, त्याचीही बातमी होते. टीएमसी, क्युसेक हे शब्द आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण आलेलं पाणी कसलं आहे, त्यात मासा जगेल का, याची रोजची नोंद बंधाऱ्यावर कोण ठेवतं? ते बघणारा माणूस एकच. पहाटे नाव घेऊन पाण्यात जाणारा, म्हणजे आपण.

पर्यावरणीय न्याय हा शब्द हल्ली कार्यक्रमात ऐकू येतो. मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. घाण करून पैसे मिळवणारा एक आणि त्या घाणीचा तोटा सोसणारा दुसरा, असं असेल तर तो अन्याय. आणि सोसणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याचं म्हणणं कचेरीपर्यंत पोचत नाही. पंचगंगेचंच बघा. तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडला, केंदाळाने पात्र झाकलं, असं किती वर्षं चाललंय. तेव्हा ती दोन दिवसांची बातमी असायची. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली, आणि मग पंचगंगेचं प्रदूषण हा सगळ्यांचा प्रश्न झाला. शहराचं पिण्याचं पाणी बिघडल्यावर जे सगळ्यांना कळलं, ते मासा कधीपासून सांगत होता. पण माशाचं ऐकणारे आपण, आणि आपण ते कागदावर उतरवलं नाही.

कागदावर उतरवायचं तर आधी आपल्याला काय दिसतंय ते नीट ओळखता आलं पाहिजे. ते थोडं समजून घेऊ.

मासा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे पाच वर्ग केलेत. त्यातला चौथा वर्ग मासे आणि जलचरांसाठीचा. त्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे, आम्ल-अल्काचा आकडा, म्हणजे पीएच, ६.५ ते ८.५ मध्ये पाहिजे, आणि मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आंघोळीच्या पाण्याला तर ऑक्सिजन ५ लागतो. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अहवाल हातात आला की याच्याशी ताडून बघायचं.

मळीचं पाणी किंवा गावाचं सांडपाणी नदीत आलं की जिवाणू ती घाण कुजवायला लागतात आणि ते करताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. किती खातात, त्या मापाला बीओडी म्हणतात. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या पाण्याला साधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. डिस्टिलरीच्या कच्च्या मळीच्या पाण्याचा बीओडी चाळीस हजारांच्या वर असतो. चाळीस नाही, चाळीस हजार. म्हणून त्याचा एक टँकर रात्रीत रिकामा झाला तरी बंधाऱ्यातल्या साचलेल्या पाण्याचं वाटोळं होतं. त्यात फेब्रुवारी ते मे पाणी कमी आणि थांबलेलं. वाहतं पाणी जास्त असेल तर घाण पातळ होते, हवाही मिसळते. त्यामुळे नदीत उन्हाळ्यात थोडं तरी वाहतं पाणी ठेवा, ही मागणी शेतकऱ्याइतकीच आपलीही आहे. पाणी वाचवण्याच्या बैठकीला आपल्याला कुणी बोलवत नाही हा भाग वेगळा. न बोलावता जायला हरकत नाही.

मासा पहाटेच का वर येतो? दिवसा शेवाळ आणि पाण्यातली झाडं उजेडात ऑक्सिजन सोडतात. रात्री तीच झाडं ऑक्सिजन घेतात. त्यामुळे दिवस उगवायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मोठा मासा, म्हणजे कटला-रोहू, आधी तोंड वर काढतो. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते उशिरापर्यंत तग धरतात. असं चित्र दिसलं तर ऑक्सिजन संपलाय असं समजा. उलट लहान-मोठा सगळा मासा एकदम, भर दिवसाही मेला, मरळसुद्धा मेली, खेकडे आणि शिंपल्यातले जीवही गेले, तर विषारी औषध किंवा रसायन असण्याचा संशय जास्त. हा फरक फक्त आपल्याला दिसतो. तिसऱ्या दिवशी येणाऱ्या साहेबाला तो दिसणार नाही. म्हणून कुठला मासा आधी मेला, किती वाजता, मरळ जिवंत होती का, हे त्याच दिवशी लिहायचं.

आता पहिल्या चार तासांत काय करायचं ते.

फोनवर फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा. मेलेल्या माशाचा जवळून एक फोटो पुरे. बाकीचे लांबून काढा, ज्यात बंधारा, पूल, देऊळ, मैलाचा दगड असं काहीतरी ओळखीचं येईल. नाहीतर पुढे कुणीही म्हणेल, हा फोटो कुठल्या नदीचा कुणास ठाऊक. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवा, पुसू नका, आणि पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात फोनचा फोटो द्यायची वेळ आली तर सोबत एक प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते सांगितलंय. त्यामुळे फोटो कुणाच्या फोनने काढला, ते नावानिशी वहीत असू द्या.

मग दोघांनी काठाने वरच्या अंगाला चालत जायचं. हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी करत नाही. काळं पाणी कुठून सुरू होतं ते शोधायचं. कुठेतरी एक नाला, एक पाइप, एक ओढा लागेल, ज्याच्या वर पाणी बरं आहे आणि खाली खराब. तिथे तीन फोटो काढायचे. वरचं पाणी, नाल्याचं तोंड आणि खालचं पाणी. सांगलीजवळ अंकली परिसरात २०२३ च्या मार्चमध्ये कृष्णेत मोठ्या प्रमाणात मासे मेले. अशा वेळी पहिला प्रश्न हाच येतो, पाणी आलं कुठून? ज्याच्याकडे त्याचं उत्तर फोटोसकट असतं, त्याचं म्हणणं टिकतं.

पाण्याच्या बाटलीबद्दल थोडा गैरसमज आहे. आपण भरलेली बाटली कायद्याच्या कारवाईत मंडळाच्या नमुन्याची जागा घेत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते ठरलेलं आहे. अधिकारी घेतो, संबंधिताला नोटीस देतो, नमुन्याचे दोन भाग करून सील करतो. म्हणून आपलं खरं काम अधिकाऱ्याला त्याच दिवशी बोलावणं, आणि तो आला नाही तर बोलावल्याची नोंद ठेवणं. तरीही बाटली भराच. माहिती म्हणून ती उपयोगी पडते. स्वच्छ बाटली नदीच्या पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा. मासा द्यायचा तर कुजलेला नको, नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला, बर्फातच. जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांना आधीच भेटून ठेवा, म्हणजे त्या पहाटे ओळख शोधत बसावं लागणार नाही.

तक्रार दोन्हीकडे द्यायची. बेळगावात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे, कोल्हापुरात महाराष्ट्राच्या मंडळाचं. मत्स्य खात्याला आणि तहसीलदारांना प्रत. एकाच पत्रावर सगळ्यांची नावं घाला, म्हणजे कुणाला "आमच्याकडे आलंच नाही" म्हणता येणार नाही. इकडच्या कार्यालयात द्यायचा अर्ज कन्नडमध्ये असला की काम लवकर हलतं. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ ऐकलंय, बोललोय. पण मेलेल्या माशाच्या दिवशी तो वाद बाजूला ठेवा. वरती कन्नड, खाली मराठी असा एकच कागद करा. निदान चार शब्द तोंडात असू द्यात: तक्रार म्हणजे दूरु, नमुना म्हणजे मादरी, पोच म्हणजे स्वीकृती, आणि "मीनुगळु सत्तिवे" म्हणजे मासे मेलेत. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

महिन्याभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "आवक क्रमांक अमुक या तक्रारीवर कोणत्या तारखेला कोणी पाहणी केली, पाहणीचा अहवाल आणि नमुना तपासणीच्या अहवालाची प्रत द्यावी" असं विचारा. कागद मागा, मत मागू नका.

आता एका अवघड गोष्टीवर येतो. सभेत यावर भांडणं झाली आहेत, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे.

काही जण म्हणतात, गाजावाजा करू नका. बातमी आली की बाजारात गिऱ्हाईक म्हणतं, "नको बाई, नदीचा मासा विषारी आहे म्हणे." मग आठ-आठ दिवस चांगला मासासुद्धा पडून राहतो. नुकसान पाटी घेऊन बसलेल्या आपल्या बायकांचं होतं. बोललो तर मासा विकत नाही, आणि गप्प बसलो तर विकायला मासाच उरत नाही.

जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे, समुद्रकाठचं, कोळ्यांचं. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा खाडीत जात होता. तो माशांत उतरला आणि माशांतून माणसांत. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरायला लागली, मग माणसांचे हातपाय वळायला लागले, बोलणं गेलं. १ मे १९५६ ला आजाराची अधिकृत नोंद झाली. पण कितीतरी घरांनी आजार लपवला, कारण एका घरात आजारी माणूस आहे म्हटलं की अख्ख्या गावाचा मासा बाजारात पडून राहायचा. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते १९६८ च्या सप्टेंबरमध्ये. मधली बारा वर्षं कारखाना चालू होता आणि लोक मासा खातच होते. त्यातच ३० डिसेंबर १९५९ ला पीडितांना थोडी "सहानुभूतीची रक्कम" देऊन एका करारावर सह्या घेतल्या. त्यात लिहिलं होतं की पुढे कारखान्याचंच पाणी कारण ठरलं तरी जास्त भरपाई मागणार नाही. १९७३ ला कोर्टाने तो करार रद्दबातल ठरवला. पण तेरा वर्षं गेली ती गेलीच.

यातून आपल्यासाठी दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, कुणी गाडीतून येऊन "थोडेफार घ्या आणि इथे सही करा" म्हणालं, तर एकट्याने सही करायची नाही. कागद संस्थेत आणायचा, वकिलाला दाखवायचा. दुसरी, लपवायचं नाही, पण मोजून बोलायचं. "कृष्णेतला मासा विषारी" असं लिहू नका. "अमुक तारखेला पहाटे, अमुक बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, अंदाजे इतक्या अंतरात मासे मेले. तिथला मासा कुणी गोळा करू नये, खाऊ नये, विकू नये. वरच्या पात्रातली आणि तलावातली मासेमारी नेहमीसारखी चालू आहे" असं लिहा. जागा आणि दिवस नक्की सांगितला की बाकीचा मासा वाचतो. आणि आपल्यातल्या कुणी तो मेलेला मासा बर्फात घालून बाजारात आणला, तर मात्र आपल्या बोलण्याला काडीची किंमत राहणार नाही. हे परखड आहे, पण सांगितलंच पाहिजे.

पोस्टमध्ये कारखान्याचं नावही पुराव्याशिवाय घालू नका. पाणी काळं होतं, मळीसारखा वास होता, अमुक नाल्यातून येत होतं, एवढं लिहा. बघितलं ते लिहा. नाल्याच्या वर कोण आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि बदनामीची नोटीस आपल्या घरी येत नाही.

नुकसानभरपाई मिळते का, हा सगळ्यांचा प्रश्न. मिळू शकते. उरणच्या कोळ्यांचं उदाहरण घ्या. न्हावा-शेवा बंदराच्या वाढीत खाडी बुजली, कांदळवन गेलं, मासेमारी बुडाली, म्हणून रामदास जनार्दन कोळी आणि सोबतचे पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, ज्याला आपण हरित लवाद म्हणतो, तिथे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ ला पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. भागाकार करून बघा, कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आदेश निघणं आणि पैसे हातात पडणं यात पुष्कळ अंतर असतं, ते लक्षात ठेवूनच या वाटेला जायचं.

पण मला त्या आदेशात ९५ कोटींपेक्षा १,६३० हा आकडा मोठा वाटतो. कुठली कुटुंबं, कुठल्या पाण्यात मासे धरत होती, हे ठरल्याशिवाय तो आकडा येत नाही. आज उद्या आपल्यावर वेळ आली तर आपण किती घरं दाखवू? नुसत्या सभासद यादीने भागणार नाही. रोज कोण पाण्यात जातं, किती किलो आणतं, काय भाव मिळतो, हे कुठे लिहिलंय?

मुदतीही ध्यानात घ्या. हरित लवाद कायदा २०१० चा. त्यात भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पर्यावरणाचा बाकीचा वाद असेल तर सहा महिन्यांत. महाराष्ट्रातली प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात, कर्नाटकातली चेन्नईच्या. घाण तिकडून आली आणि मासा इकडे मेला तर कुठे जायचं, हे वकिलाला विचारूनच ठरवा. वर चालत जाऊन काढलेले ते तीन फोटो तेव्हा उपयोगी पडतील.

म्हणून वही. खडेबाजारात मिळते ती साधी लांब वही घ्या, पानांवर आकडे टाका, मधलं पान फाडू नका. रोज एक ओळ. तारीख, जागा, किती वाजता गेलो, किती किलो, कुठला मासा, भाव, आणि पाण्याचा रंग-वास. पाणी चांगलं असेल त्या दिवशीही "पाणी चांगलं" असं लिहायचं. नेहमी काय मिळत होतं हे कळलं तरच काय बुडालं ते दाखवता येतं. वजन आणि भाव घरातल्या बायकांना जास्त नीट ठाऊक असतात, तेव्हा ती ओळ त्यांनीच लिहावी हे बरं. महिन्याच्या शेवटी संस्थेत वही आणा, सचिव तारीख टाकून सही करतील. मोबाइलमध्ये लिहिणार म्हणणाऱ्यांनी लिहा, पण मोबाइल पाण्यात पडतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

अर्जाचा नमुना खाली देतोय. वही-पेनाने उतरवून घ्या किंवा झेरॉक्स काढा. दहा कोऱ्या प्रती नावेच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. कन्नड प्रत संस्थेच्या कार्यालयात मिळेल.

प्रति,
प्रादेशिक अधिकारी, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बेळगाव
प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, कोल्हापूर
प्रत: मत्स्य खाते, तहसीलदार

विषय: ........ नदीत ........ बंधाऱ्याजवळ मासे मेल्याबाबत. आजच पाहणी करून नमुने घेण्याची विनंती.

महोदय,
आम्ही खाली सही करणारे या नदीवर मासेमारी करून पोट भरतो. दि. ........ रोजी सकाळी ........ वाजता ........ या ठिकाणी आम्हाला पुढील गोष्टी दिसल्या.
पाण्याचा रंग ........, वास ........, फेस आहे / नाही.
मेलेले मासे: ........ (कुठले, लहान की मोठे, अंदाजे किती). मरळ, खेकडे जिवंत / मेलेले.
खराब पाणी ........ या नाल्यापासून / ठिकाणापासून खाली दिसते. त्याच्या वरचे पाणी ........ आहे.
फोटो ........ यांच्या मोबाइलवर ........ वाजता काढले आहेत.
कार्यालयाला फोन केला: ........ वाजता, बोलणाऱ्याचे पद ........
आमच्या समक्ष नमुने घेऊन पंचनामा करावा, त्याची व तपासणी अहवालाची प्रत आम्हाला द्यावी, आणि पाणी पूर्ववत होईपर्यंत बुडालेल्या मासेमारीची नोंद घ्यावी ही विनंती.

सह्या, पूर्ण नावे, गाव, सभासद क्रमांक:
१.
२.
३.
४.
५.